सोलापुरात पहिली पेटी घेताय? माणूस साइटवर चढवण्याआधी एवढं करा

मी सोलापुरात सेंट्रिंग (स्लॅब-बीमचे साचे आणि टेकू) आणि गिलाव्याची कामं पेटीवर, म्हणजे मुख्य ठेकेदाराकडून पोटठेक्याने घेतो. त्याआधी नऊ वर्षं दुसऱ्यांकडे मुकादम होतो. माणसं कशी जमवायची, स्लॅब कसा ओढायचा, बिल कसं काढायचं हे सगळं त्या नऊ वर्षांत शिकलो. पोटठेकेदार म्हणून कायद्याने माझ्यावर काय येतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

विजापूर रोडच्या एका इमारतीवर तिसऱ्या मजल्यावरचं डक्ट, म्हणजे पाइपांसाठी स्लॅबमध्ये सोडलेलं भोक, उघडं होतं. त्यावर प्लायचा एक तुकडा नुसता टाकून ठेवलेला होता, खिळा नाही की खूण नाही. अक्कलकोट तालुक्यातला सव्वीस वर्षांचा पोरगा त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याकडे कामाला आला होता. त्याला प्लाय गोळा करायला सांगितलं होतं. त्याने तो तुकडा दोन्ही हातांनी उचलून छातीसमोर धरला आणि एक पाऊल पुढे टाकलं. समोर प्लाय धरलेला असताना खालचं भोक दिसत नाही. दोन मजले खाली गेला. टाचेचं हाड आणि मणका मोडला.

तो वाचला. आज चालतो, पण त्याला चढता येत नाही. माझ्याच गोदामाचं सामान सांभाळतो. त्या रात्री सिव्हिलमध्ये मला विचारलं, “हा तुमचाच माणूस ना? नोंद कुठाय?” हजेरी मी शनिवारी पगाराच्या वेळी एकदम भरायचो, त्यामुळे मस्टरवर त्याचं नाव नव्हतं. ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची नोंद, महिनाअखेरीला करू म्हणून ठेवलं होतं. उपचाराचा सगळा खर्च मी कर्ज काढून केला आणि ते कर्ज फेडायला तीन वर्षं गेली. पैसे गेल्याचं दुःख वेगळं. पण त्याच्या आईसमोर उभं राहताना हातात एकही कागद नव्हता, ते अजून डोक्यातून जात नाही. नवीन माणसावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

१. साखळीत आपण कुठे आहोत ते आधी ओळखा

जागेचा मालक किंवा बिल्डर, त्याच्याखाली मुख्य ठेकेदार, त्याच्याखाली तुम्ही, तुमच्याखाली मुकादम आणि त्याच्याखाली गवंडी, बिगारी. माणसाला जो कामावर लावतो आणि पगार देतो, कायदा त्याला मालक समजतो. म्हणजे तुमच्या वीस माणसांचे मालक तुम्ही. तुम्ही पैसे चुकवले तर कामगार वरच्याकडे मागू शकतो, आणि वरचा ते देऊन तुमच्या बिलातून वसूल करू शकतो. पगार, पीएफ, ईएसआय, अपघाताची भरपाई, चारही बाबतीत असंच चालतं. “वरचा बघून घेईल” हे म्हणूनच खरं नसतं. वरचा बघतो, पण तुमच्या पैशाने.

कायद्यांची नावं सध्या बदलली आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा-आरोग्य. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा, १९९६ चा बांधकाम कामगार कायदा, १९२३ चा नुकसानभरपाई कायदा यांतल्या तरतुदी आता या संहितांमध्ये आल्या आहेत. मधल्या काळात जुने नियम चालू राहतील असं केंद्रानेच सांगितलं आहे. त्यामुळे साइटवर आणि सरकारी कार्यालयात अजून जुनीच नावं कानावर पडतील. गोंधळू नका. माणूस, मजुरी, विमा आणि सुरक्षा या चार गोष्टींचा कागद नीट असेल तर कायद्याचं नाव कुठलंही असो, तुम्ही उत्तर देऊ शकता.

२. वर्क ऑर्डर घरी नेऊन वाचा

नवीन माणूस फक्त दर बघतो. सेंट्रिंगचा चौरस फुटाचा दर ठरला की सही. मीही तेच केलं. सही करण्याआधी हे शोधा:

- सुरक्षेचं सामान कुणी द्यायचं? हेल्मेट-बूट तुमचे असतील, पण डक्टचं झाकण, जिन्याचा कठडा, जाळी, लाइफलाइन (बेल्टचा हूक अडकवायचा दोर) कुणाची? लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या. माझ्याकडचा तो पोरगा पडला त्या डक्टचं झाकण कुणी करायचं हे एकाही कागदावर नव्हतं.
- “सर्व कायदेशीर जबाबदारी पोटठेकेदाराची राहील” हे वाक्य बहुतेक ठिकाणी असतं. ते काढत नाहीत. पण त्याखाली “साइटची सर्वसाधारण सुरक्षा मुख्य ठेकेदाराकडे” ही एक ओळ घालायला सांगा, बरेच जण घालतात.
- बांधकाम कामगार उपकर, म्हणजे बांधकाम खर्चाचा १ टक्का, तुमच्या बिलातून कापणार का? खासगी इमारतीत तो सहसा बांधकाम परवानगीच्या वेळीच महापालिकेकडे भरलेला असतो. पावतीची प्रत मागा. एकदा भरलेला उपकर खालच्याच्या बिलातून पुन्हा कापलेला मी पाहिलाय.
- सुरक्षेच्या कारणाने काम थांबलं, तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार?

दर सांगताना हेल्मेट, बेल्ट, बूट, विमा, पीएफ-ईएसआयचा मालकाचा हिस्सा हे सगळं आधी मांडा आणि मगच आकडा बोला. स्वस्तात काम घेतलं की पहिली काटछाट बेल्टवर होते, हे मी स्वतः केलेलं आहे.

३. कोणती नोंदणी कधी लागते

आकडे पाठ करा, कारण प्रत्येक ठिकाणी मर्यादा वेगळी आहे.

कंत्राटी कामगार परवाना. महाराष्ट्रात ५० किंवा जास्त कामगार असतील तर लागतो, आणि नव्या संहितेतही हाच आकडा आहे. जुन्या पद्धतीत अर्जासोबत मुख्य मालकाने दिलेला फॉर्म ५, म्हणजे तुम्ही त्याचे ठेकेदार असल्याचा दाखला, लागतो. तो वेळेत मिळत नाही, म्हणून वर्क ऑर्डरसोबतच मागा. सोलापुरात हा विषय सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे आहे. ४५ माणसं आहेत म्हणून परवाना काढला नाही आणि स्लॅबच्या आठवड्यात १५ वाढवली, ही नेहमीची चूक. मोजणी सरासरीवर होत नाही. बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी संख्या ५० ला गेली तरी परवाना लागतो.

ईएसआय. १० किंवा जास्त माणसं, महिन्याची मजुरी २१,००० रुपयांपर्यंत. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. १५,००० मजुरीवर दोन्ही मिळून साधारण ६०० रुपये होतात. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे. बांधकामाच्या साइटवरचे कामगार ऑगस्ट २०१५ पासून ईएसआयमध्ये आले आहेत. “बांधकामाला ईएसआय नाही” असं अजून कुणी सांगत असेल तर ते जुनं झालं.

इथे एक खड्डा आहे. रोज ९०० रुपये हजेरीच्या गवंड्याचे २६ दिवसांचे २३,४०० होतात. म्हणजे तो ईएसआयच्या बाहेर. बिगारी आत आणि सगळ्यात उंच चढणारा गवंडी बाहेर, असं होऊन बसतं. त्याच्यासाठी वेगळी विमा पॉलिसी लागते, ती पाचव्या मुद्द्यात.

पीएफ. २० किंवा जास्त माणसं. दोघांचे १२-१२ टक्के, सक्तीची मजुरी मर्यादा १५,०००, भरणा १५ तारखेपर्यंत. सोलापुरात पीएफचं प्रादेशिक कार्यालय आहे, त्यामुळे यूएएनमध्ये (कामगाराच्या पीएफ क्रमांकात) नाव-जन्मतारीख चुकली तर पुण्याला जायची गरज नाही. तुम्ही २० च्या आत असलात तरी मुख्य ठेकेदाराला तुमची माणसं त्याच्या कोडखाली दाखवावी लागतात. तो कापतो म्हणाला तर चलनावर आपल्या माणसांची नावं आहेत का ते दर महिन्याला बघा. कापलेले पैसे आणि भरलेले पैसे जुळले पाहिजेत.

परराज्यातली माणसं. सोलापूरची हद्द कर्नाटकाला लागून आहे. आपल्याकडे विजयपूर, कलबुर्गीची माणसं आहेत, हल्ली बिहार-उत्तर प्रदेशची टोळीही येते. परराज्यातले १० किंवा जास्त असतील तर त्यांना स्थलांतरित कामगारांच्या तरतुदी लागू होतात, त्यात वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याचं भाडंही येतं. त्यांची यादी वेगळी ठेवा: गाव, जिल्हा आणि घरच्यांचा फोन. अपघातात सगळ्यात आधी लागतो तो हा फोन.

पॅन, व्यवसाय कर, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली तर जीएसटी, हे तुमचा कर सल्लागार करून देईल. बिलातून टीडीएस कापला जातो, एकट्या व्यक्तीच्या नावावर १ टक्का. पॅन दिला नाही तर तो २० टक्के होतो.

४. माणूस आला त्याच सकाळी

माझ्याकडे आता नियम असा आहे की नाव लिहिल्याशिवाय घमेलं उचलायचं नाही. नाक्यावरून एका दिवसासाठी आणलेल्या माणसालाही हाच नियम. दहा मिनिटं लागतात.

मस्टरवर नाव, वेळ, सही किंवा अंगठा. आधारची प्रत, बँकेच्या पासबुकाची प्रत, एक फोटो, घरच्यांचा नंबर. वय १८ च्या वर आहे याची खात्री. चेहऱ्यावरून ठरवू नका, कागद बघा. ईएसआय क्रमांक असेल तर तोच जोडा, नसेल तर त्याच दिवशी मोबाइलवर काढा. अपघात झाल्यावर केलेल्या नोंदीवर कार्यालयात शंभर प्रश्न विचारतात, आणि विचारणं योग्यच आहे. नेमणुकीचं साधं पत्र द्या. नव्या संहितेत ते प्रत्येकाला द्यायचं आहे. काम काय, मजुरी किती, कधीपासून, एवढं एका पानावर बसतं.

मग साइट फिरवून दाखवायची: डक्ट कुठे, लिफ्टचा खड्डा कुठे, विजेचा मुख्य स्विच कुठे, प्रथमोपचार पेटी कुठे, खाली उतरायचा रस्ता कोणता. हे त्याच्या भाषेत सांगा. माझ्या टोळीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी बोलणारे आहेत. मराठीत पाटी लावली म्हणजे सगळ्यांना सांगून झालं, असं नाही. कन्नड बोलणारा जुना गवंडी नव्या कन्नड पोराबरोबर फिरतो आणि दोघांची सही घेतो.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी. ही कामगाराने स्वतः करायची, पण तुमच्याशिवाय होत नाही. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम, ही अट आहे. ९० दिवसांचा दाखला ठेकेदार देऊ शकतो. त्यासोबत वयाचा, राहण्याचा पुरावा, ओळखपत्र आणि फोटो लागतात. नोंदणी असलेला कामगार कामावर असताना गेला तर मंडळाकडून वारसाला ५ लाख मिळतात. मुलांच्या शिक्षणाची मदत वेगळी. दाखला देताना एक रुपयाही घेऊ नका. आणि आपल्याकडे न राबलेल्या माणसाला ओळखीखातर दाखला देऊ नका. मस्टर तपासलं की तुमची सही खोटी ठरते, आणि खऱ्या कामगाराचा अर्जही मग संशयाने बघतात. फॉर्म भरून देतो म्हणून हजार-दोन हजार मागणारे फिरतात. त्यांच्यापासून आपली माणसं लांब ठेवा, नोंदणी ऑनलाइन आहे.

५. नुकसानभरपाई आणि पॉलिसी: हा हिशेब एकदा कागदावर करा

ईएसआयमध्ये नसलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला, तर भरपाई अशी निघते: महिन्याच्या मजुरीचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणक. मजुरी कितीही असली तरी हिशेबासाठी १५,००० पर्यंतच धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२० पासून आहे. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५० च्या जागी ६० टक्के. एका महिन्यात दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि कारण पटलं नाही तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड.

हा आकडा मी पहिल्यांदा मांडला तेव्हा माझ्या सगळ्या सेंट्रिंगच्या सामानाची किंमत त्याच्या निम्मीही नव्हती.

म्हणून डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे ही भरपाई विमा कंपनीने द्यायची पॉलिसी, घ्या. घेताना या गोष्टी बघा, कारण पॉलिसी असूनही दावा अडतो तो यांच्यामुळेच:

- माणसांची संख्या आणि मजुरी खरी लिहा. हप्ता वाचवायला २५ ची १० दाखवली तर दाव्यात तेच काढतात.
- कामाचं वर्णन. नुसतं “गिलावा” नको. उंचीवरचं बाहेरचं काम असेल तर तसं लिहून घ्या.
- साइटचा पत्ता. एका साइटची पॉलिसी, माणूस दुसऱ्या साइटवर, असं होऊ देऊ नका.
- दवाखान्याचा खर्च. साध्या पॉलिसीत तो पुरेसा नसतो, जादा हप्ता भरून वाढवावा लागतो. गोळा होणारी बिलं बहुतेक हीच असतात.
- तुमच्याखाली आणखी पोटमुकादम असेल तर त्याची माणसं पॉलिसीत धरलीत का, ते विचारा.

६. प्रत्यक्ष साइटवर

कागद सगळे बरोबर असले तरी माणूस पडायचा तो पडतोच. म्हणून इथे जरा थांबतो.

डक्ट आणि भोकं. प्लाय नुसता टाकायचा नाही. झाकणाला खालून दोन पट्ट्या ठोकायच्या म्हणजे ते सरकत नाही, वरून लाल रंगाने फुली मारायची आणि “उचलू नका, खाली भोक” असं लिहायचं. मोठ्या डक्टला सळईची जाळी स्लॅबमध्येच सोडायची आणि पाइपचं काम आल्यावर कापायची. सळईचा हा खर्च मी आता दरातच धरतो.

परांची, म्हणजे आपला पहाड. खांब मातीवर नको, खाली फळी किंवा प्लेट. इमारतीला ठरावीक अंतरावर बांधलेला हवा. फळ्या दोन्ही टोकांना बांधलेल्या, मध्ये पाय जाईल अशी फट नको. कमरेच्या उंचीला, साधारण एक मीटरवर आडवा पाइप. पावसानंतर आणि वाऱ्यानंतर पुन्हा बघायचा, आणि बघितल्याची तारीख वहीत लिहायची. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर, आणि वर उतरायच्या जागेपेक्षा तीन फूट जास्त. बेल्ट पूर्ण अंगाचा, नुसता कमरेचा नको. हूक डोक्याच्या वरच्या पक्क्या जागी. ज्या पहाडावर उभे आहात त्याच्याच पाइपला हूक लावला तर पहाडाबरोबर माणूसही खाली. घेताना आयएसआय खूण बघा: हेल्मेटला आयएस २९२५, बेल्टला आयएस ३५२१, बुटांना आयएस १५२९८. हेल्मेटची हनुवटीची पट्टी लावलेली नसेल तर पडताना डोक्याच्या आधी हेल्मेट खाली जातं.

सेंट्रिंग खोलणं. आपल्या धंद्यात सगळ्यात जास्त घाई इथे होते, कारण प्लाय-टेकू पुढच्या मजल्याला हवे असतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटसाठी किमान मुदती आहेत: कॉलमच्या बाजू १६ ते २४ तास, स्लॅबचा तळ ३ दिवस, पण टेकू लगेच परत लावून, स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस, त्यापुढे १४, बीमचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस, त्यापुढे २१. आपल्याकडे बहुतेक पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं) सिमेंट येतं, ते हळू पकडतं, त्यामुळे इंजिनिअर मुदत वाढवून सांगेल. तोंडी नको, खोलायची तारीख त्याच्या सहीने घ्या. मोबाइलवर “उद्या खोला” एवढं लिहून आलं तरी ते जपून ठेवा. गॅलरीचा, छज्जाचा टेकू शेवटी, आणि बाहेरच्या टोकाकडून आत.

बंद टाकी. जमिनीखालच्या पाण्याच्या नव्या टाकीतली सेंट्रिंग काढायला उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. नवी टाकी आहे, घाण नाही, मग गुदमरेल कशाने, असं वाटतं. आत पावसाचं पाणी साचलेलं असतं, ओलं लाकूड कुजत असतं, आणि ते आतला प्राणवायू खाऊन टाकतं. वास येत नाही, खोकला येत नाही, पाय गळतात आणि माणूस खाली बसतो. उतरण्याआधी पाणी उपसा, सगळी झाकणं आदल्या दिवसापासून उघडी ठेवा, पंख्याने किंवा ब्लोअरने हवा आत सोडा आणि काम चालू असेपर्यंत सोडत राहा. प्राणवायू मोजायचं यंत्र भाड्याने किंवा मुख्य ठेकेदाराकडून मिळवा. १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. आतल्याच्या कमरपट्ट्याला दोरी, वर एक माणूस कायम, आणि वरच्याला बजावून ठेवायचं: कुणी पडला तर दोरी ओढायची, ओरडायचं, पण खाली उडी मारायची नाही.

खोदाई. सोलापूरची काळी माती उन्हात कडक दिसते, तिला भेगा पडतात आणि पहिल्या पावसात अख्खी भिंत सुटते. दीड मीटरच्या खाली गेलात की बाजूला उतार द्या किंवा आधार लावा. उपसलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब टाका.

वीज. वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये आगपेटीच्या काडीने खोचलेली मी अजून साइटवर बघतो. प्लग लावा. कटिंग मशीन, व्हायब्रेटर, मिक्सर हे सगळं ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीतून (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचमधून) घ्या आणि त्याचं टेस्ट बटण आठवड्यातून एकदा दाबून बघा. शहराच्या पूर्व भागातल्या अरुंद बोळात बारा मीटरची सळई उभी करताना वर बघा. तार जवळ असेल तर महावितरणकडून वीज बंद करून घ्या किंवा सळई खालीच कापा.

राहण्याच्या खोल्या. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जण गेले. कामाच्या जागीच राहणारी माणसं त्यात होती. आपल्या साइटवर वॉचमन, बिहारी पोरं खालच्या मजल्यावर झोपतात आणि बाजूच्याच खोलीत थिनर, रंग, प्लाय भरलेला असतो. झोपायची जागा आणि सामानाची खोली वेगळी ठेवा, दार बाहेरून कधीही बंद करू नका, गॅस तिथे नको.

ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. स्लॅबवर सळई हाताला लागत नाही. त्या दोन महिन्यांत मी सकाळी साडेसहाला सुरू करतो, साडेअकराला थांबवतो आणि चारनंतर परत लावतो. मुख्य ठेकेदार कुरकुरला तर आधीच वर्क ऑर्डरमध्ये वेळ लिहून घ्या. माणूस बडबडायला लागला, घाम थांबला, अंग तापलं तर सावली, अंगावर पाणी आणि १०८ ला फोन. “थोडं बसू द्या, बरं वाटेल” म्हणत वाट बघू नका.

७. पगार

राज्याचं किमान वेतन मूळ दर अधिक विशेष भत्ता असं असतं, आणि भत्ता दर वर्षी जानेवारी आणि जुलैला बदलतो. त्या दोन महिन्यांत नवा तक्ता घेऊन फाइलला लावा. दिवस ८ तासांचा, त्यापुढे दुप्पट. स्लॅबच्या रात्री बाराला सुटलेल्या माणसाला एक हजेरी आणि जेवण देऊन भागत नाही. आठवड्याचा पगार आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. शक्यतो बँकेत. उचल दिली तर वहीत रक्कम आणि सही. सहीशिवाय कापलेली उचल ही पुढच्या भांडणाची सुरुवात असते.

८. अपघात झालाच तर

आधी माणूस. १०८ ला फोन करा. उंचावरून पडलेल्याला चार जणांनी हातपाय धरून रिक्षात घालू नका. मणका मोडलेला असेल तर उचलण्यानेच कायमचं नुकसान होतं. श्वास घेत असेल आणि वरून काही पडायची भीती नसेल तर तसाच ठेवा, मान हलू देऊ नका.

दवाखान्यात “घरी जिन्यावरून पडला” असं सांगा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. मला दिला होता. ऐकू नका. तो एक शब्द लिहिला गेला की कामगाराचा ईएसआय, मंडळाची मदत आणि तुमचा विमा हे सगळं एकदम जातं. खरं सांगा, एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय) नोंद करून घ्या, तिचा क्रमांक लिहून घ्या.

मग क्रमाने: जागा तशीच ठेवा आणि फोटो काढा. मुख्य ठेकेदाराला लेखी कळवा. पोलिसांना कळवा. ईएसआयचा अपघात अहवाल ऑनलाइन भरा, पॉलिसी असेल तर विमा कंपनीला त्याच दिवशी मेल करा. केंद्राच्या १९९८ च्या बांधकाम नियमांत मृत्यूची सूचना ४ तासांत आणि ४८ तास किंवा जास्त काम बुडवणाऱ्या दुखापतीची ७२ तासांत द्यायची आहे. कामगार कार्यालय आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, दोन्हीकडे प्रत द्या आणि पोच घ्या. पाहिलेल्या दोघांचे जबाब त्याच संध्याकाळी, त्यांच्याच शब्दांत.

निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे पोलीस विचारतात: बेल्ट दिला होता का, शिकवलं होतं का, वापरतो की नाही हे कोण बघत होतं? या तिन्हीची उत्तरं तुमच्या वहीत तारखेसह असली पाहिजेत.

९. साइटवरची फाइल

एकच जाड फाइल, प्लास्टिकच्या पिशवीत:

- वर्क ऑर्डर, परवाना किंवा फॉर्म ५, पॅन, जीएसटी
- मस्टर आणि पगार वही
- प्रत्येक कामगाराचं पान: आधार, फोटो, बँक, ईएसआय, यूएएन, मंडळाचा क्रमांक, घरचा फोन
- पीएफ आणि ईएसआयची चलनं, नावांच्या यादीसह
- विमा पॉलिसी आणि हप्त्याची पावती
- बेल्ट, बूट, हेल्मेट दिल्याची सह्यांची यादी
- रोजच्या सकाळच्या पाच मिनिटांच्या सूचनेची वही, पहाड तपासणीच्या तारखा
- इंजिनिअरच्या सेंट्रिंग खोलण्याच्या परवानग्या
- किमान वेतनाचा चालू तक्ता

मूळ फाइल साइटवर, आणि दर शनिवारी प्रत्येक नव्या पानाचा फोटो घरच्या फोनवर. साइटचं ऑफिस मुख्य ठेकेदाराच्या कुलपाखाली असतं, आणि अपघाताच्या रात्री ते कुलूप उघडेलच असं नाही.

माझ्या फाइलचं पहिलं पान त्या पोराचंच आहे. नोंद नसलेल्या दिवसाची तारीख त्यावर मीच लिहिली. आता नवीन माणूस आला की मस्टर तोच पुढे करतो, आणि सही झाल्याशिवाय कुणाला गोदामातून हातोडीही देत नाही.